झोपाळ्याची पावलं

मला व्यायाम शिकवायला येणाऱ्या फोरमबेननं माझ्या उजव्या घोट्यावरचा पावलं मोजायचा पट्टा सोडवला, फोनजवळ धरला, आणि पडद्याकडे बघता बघता तिच्या भुवया वर गेल्या. "तोरलबेन," ती म्हणाली, "तुम्ही तर घरभर धावताय की!"

बा, माझ्या सासूबाई, माझ्या हेलीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदम हेलीचेच दोन्ही हात जोडले आणि "जय श्रीकृष्ण, जय श्रीकृष्ण" सुरू केलं. माझा नवरा निकुंज दुकानाच्या किल्ल्या शोधत होता, तो तसाच वळला. "दाखवा, दाखवा." तिघांची डोकी त्या फोनवर वाकली, हेलीचंही. पडद्यावर हिरव्या काड्या उभ्या होत्या, दिवसामागून दिवस, एकीपेक्षा एक उंच. मलाही दाखवल्या. मी पाहिलं आणि मला त्या काड्या ओळखू आल्या. दुपारची जेवणं उरकल्यावर उगवणारी ती दाट झाडी, मग दिवेलागणीची दुसरी. त्या वेळी मी कुठे असते ते मला माहीत होतं. मी झोपाळ्यावर असते.

झोपाळा ही काही कुणी लक्षात घ्यायची वस्तू नव्हे. भिंत असते तसा तो असतो. त्याच्यावर बसून लोक भाजी निवडतात, फोनवर बोलतात, भांडतात, सोयरिकी जुळवतात. पाय आपला आपण फरशीला टेकतो, ढकलतो, उचलतो. दवाखान्यातून आणलं त्या दिवसापासून मला त्याच्यावर बसवलेलं आहे. पाठीशी एक तक्क्या, डाव्या अंगाला दुसरा, डावा हात मांडीवर ठेवून दिलेला. उजवा पाय तेवढा मोकळा. उजव्या पायाचा अंगठा फरशीला लागतो, झोपाळा मागे जातो, पुढे येतो, अंगठा पुन्हा लागतो. पट्ट्याला काय कळणार? दर ढकलण्याला तो एक पाऊल म्हणत राहिला. पट्टा बांधायच्या दिवशी फोरमबेननं सगळं विचारलं होतं. बाथरूम किती लांब आहे, घरात उंबरे किती, जिना चढता का, काठी कुठल्या हातात धरता. पट्टा चांगल्या पायालाच बांधायचा असतो, तिकडे पाऊल नीट मोजलं जातं, असंही समजावलं होतं. झोपाळ्यावर बसता का, हे मात्र तिनं विचारलं नाही. तीही इथलीच. तिच्याही घरी छताला चार कड्या असणार. बसण्याला हालचाल कोण म्हणतं?

सांगायला म्हणून मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात फोरमबेन बांना म्हणाली, "बा, तुम्ही मला मागे विचारलं होतं ना? आता थोडा थोडा वेळ बाळाला यांच्याजवळ सोडायला हरकत नाही. एवढं चालणारी बाई घर सांभाळू शकते." आणि मी तोंड मिटलं.

हेली दीड महिन्याची होती तेव्हाची गोष्ट. मी ओट्याशी उभी होते, हेली डाव्या हातावर, उजव्या हातानं मी ताक घुसळत होते. मी तिच्याशी काहीतरी बोलत होते, ताकाच्या फेसाबद्दल असेल, आणि माझा डावा हात तिला विसरला. दुसऱ्या शब्दांत ते मला सांगता येत नाही. दुखलं नाही, मुंग्या आल्या नाहीत. हात होता तिथेच होता, फक्त त्यात कुणी नव्हतं. ती सरकत गेली आणि मी बघत राहिले, दुसऱ्याच कुणाच्या तरी हातातून दुसऱ्याच कुणाचं तरी बाळ पडतंय असं. खाली दोरीवरून काढून आणलेल्या कपड्यांचा ढीग होता. त्यात ती पडली आणि रडलीसुद्धा नाही. मग मीही पडले, फरशीवर. बा समोर भाकरी थापत होत्या, त्यांनी ते पाहिलं. पीठ लागलेल्या हातांनी त्यांनी आधी हेलीला उचललं, मग मला हाक मारली. हा क्रम योग्यच होता. मीही तेच केलं असतं. पण दवाखान्यातले सगळे दिवस, मशीनमध्ये सरकवताना, नाकात नळी असताना, मला तेवढाच क्रम आठवत राहिला. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती, बाळंतपणानंतर क्वचित होतं असं, वय लहान आहे, सुधाराल, असं डॉक्टर म्हणाले. सुधारले. बोलणं तर बिघडलंच नव्हतं. तोंड सरळ झालं. डावा पाय मांडीपासून हलायला लागला, पंजा मात्र लोंबता राहिला. आणि हेली बांच्या कडेवर वाढली. ती पहिल्यांदा हसली ती बांच्या खांद्यावरून. पहिल्यांदा जो शब्द बोलली तोही "बा"च होता. सगळी मुलं आधी तेच म्हणतात, निकुंज म्हणाला, ओठांना सोपं असतं. असेल.

बांनी त्या दिवसाबद्दल मला कधी एक अक्षर ऐकवलं नाही. उलट चेष्टाच करायच्या. "दोन दोन पोरी चालायला शिकवतेय मी," शेजारच्या बायकांना सांगायच्या, "धाकटी पुढे जाणार बघा." पण हेलीला माझ्याजवळ द्यायच्या ते माझ्या उजव्या बाजूला, आणि आपला हात तिच्या पाठीमागे तसाच ठेवायच्या. तो हात मला दिसायचा नाही. कळायचा.

आणि मला बसवायच्या. माझ्यावरच्या मायेनंच. मी काठीकडे नुसतं पाहिलं तरी आतून आवाज यायचा, "काय हवंय? मी देते. तू बस." पाणी, फणी, खाखऱ्याचा डबा, फोनची वायर, सगळं झोपाळ्याच्या हाताशी. फोरमबेन चिडायची. "बा, माझा अर्ध्या तासाचा व्यायाम झाला की बाकी अख्खा दिवस त्या बसूनच! तो अर्धा तास काय पुरणार आहे? बसणं मोडा त्यांचं. पाण्याचा पेला मुद्दाम लांब ठेवा. पाय रस्ता विसरला तर पुन्हा शिकवायला मला जन्म लागेल." त्यावर बा म्हणायच्या, "आजारी सुनेला पाण्यासाठी उठवू? सोसायटीतल्या बायका मला उभी जाळतील. तुझं लग्न झालं की कळेल तुला." "झालंय माझं लग्न, बा." "मग तुझ्या सासूला विचार जा."

मी हसायचे आणि बसून राहायचे. दोष बांचाच नव्हता. फोरमबेन असायची तोवर मी तिच्या खांद्याला धरून हॉलमध्ये दोन फेऱ्या घालायचे, ती गेली की माझ्या आणि जमिनीच्या मध्ये कुणी नसायचं. फरशी. धुतलेली, चकचकीत, सगळीकडे पसरलेली फरशी. इतकी वर्षं मी तिच्यावरून अनवाणी धावत होते आणि ती इतकी लांब-रुंद आणि कठीण आहे हे मला माहीतच नव्हतं. झोपाळ्यावर मात्र वारा लागायचा. कुठेतरी चाललोय असं वाटायचं.

तो आकडा आल्यावर घराचा नूरच पालटला. निकुंज चांदीच्या पैंजणांचं दुकान चालवतो. रात्री येताना त्यानं पेढे आणले आणि पट्टा पुन्हा माझ्या घोट्यावर स्वतः बांधला, गिऱ्हाइकाच्या पायात पैंजण घालून बघतो तसा मान वाकडी करून. "पप्पांना फोन केला तुझ्या," म्हणाला, "म्हटलं, तुमची मुलगी आता माझ्याआधी नवरात्रात गरब्याला उतरेल." मी म्हटलं, "निकुंज, तो पट्टा कधी कधी चुकतही असेल." "मशीन आहे ते. माणूस थोडंच आहे चुकायला." त्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी झोप झाल्यासारखी चमक होती. मी पेढा खाल्ला. गोड लागला, हे जास्त वाईट.

त्यानंतर मी एक केलं, ते मला आजही नीट समजत नाही. मी उठून चालायला हवं होतं. खोटा आकडा खरा करून टाकायला एवढा एकच उपाय होता आणि तो माझ्याच पायात होता. मी तसं ठरवायचेही. आता हा झोका थांबला की उठायचं. पण झोका थांबत आला की अंगठा परस्पर पुढे व्हायचा आणि फरशीला टेकायचा. जोरात. आधीपेक्षा जास्त. हेली समोर चटईवर बसून माझ्या पायाकडे बघायची, पुढे, मागे, आणि तिच्या कपाळावर आठी यायची.

मग बांच्या मामेबहिणीचे यजमान गेले. सांत्वनाला बसायला जाणं भागच होतं. पांढरी साडी, तासभर, फोटोला हात जोडून यायचं. तिथे तान्ह्या पोराला नेत नाहीत. निकुंज दुकानाच्या मालासाठी अहमदाबादला. बा सकाळपासून घुटमळत होत्या. "समोरच्या जसुबेनला बोलावून बसवू का?" "त्या झोपतात दुपारच्या, बा." "हो, उठवलं तर महिनाभर ऐकवेल." मग माझ्याकडे पाहिलं. अशा त्या कधी पाहत नाहीत, बरोबरीच्या बाईकडे पाहावं तसं. "तू आहेस ना. आता काय काळजी." मी म्हटलं, "तुम्ही जा बा. मी आहे."

हेलीला भरवून, थोपटून त्यांनी झोपाळ्याजवळच गादीवर निजवलं. मुरमुऱ्यांची वाटी ठेवली. चपला घातल्या, लाकडी दार वाऱ्यासाठी उघडं ठेवलं, लोखंडी जाळी ओढून घेतली आणि बाहेरून म्हणाल्या, "जाळीची कडी आतून घालशील ना? बाहेरून लागत नाही मेली." "हो, घालते." "लगेच." "हो, बा." त्यांचा जिन्यावरचा आवाज खाली खाली गेला. फाटकाशी रिक्षा थांबली, निघाली. मग आमचं शहर झोपलं. दुपारी ते झोपतंच. दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर कुत्रीसुद्धा आडवी, घरोघर कूलर घरघरणारे. कडी माझ्यासमोर होती. पितळी, मध्यभागी झिजून उजळलेली. झोपाळ्यापासून ती इतकी जवळ होती की पूर्वी मी जाता जाता, दुसरंच काही करताना घातली असती. काठी माझ्या उजव्या हाताशी होती. मी कडीकडे पाहिलं, मधल्या फरशीकडे पाहिलं. हेली शांत झोपली होती, मुठी उघड्या. आत्ता नको, खडबड झाली तर उठेल, मी स्वतःला सांगितलं. थोड्या वेळानं. आणि माझा अंगठा फरशीला टेकला.

मला डुलकी लागली नव्हती. तसं असतं तर बरं झालं असतं. मी टक्क जागी होते आणि बघत होते. हेलीनं डोळे उघडले, कूस बदलली, उठून बसली. माझ्याकडे पाहून हसली. मला वाटलं, आता येईल. मी उजवा हात पुढे केला. "ये. ये माझ्याकडे." तिनं हाताकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे, मग दाराकडे. "बा?" म्हणाली. "बा येतील. तू इकडे ये. मुरमुरे बघ." ती रांगत निघाली, दाराकडे. जाळीशी जाऊन तिनं ती धरली आणि उभी राहिली, आणि जाळी तिच्या वजनानं हळूच, आवाज न करता, बाहेर उघडली.

"हेली!" मी ओरडले. माझा आवाज घरातल्या घरात फिरला. "जसुबेन! कुणी आहे का? जसुबेन!" समोरचा कूलर घरघरत होता. फोन नेमका आतल्या खोलीत राहिलेला. जाळीबाहेर हातभर जागा आणि मग जिना. काठी हातात आली की नाही ते आठवत नाही. मी उठले, खरंच उठले, दोन्ही पायांवर, आणि मागे गेलेला झोपाळा परत येऊन माझ्या गुडघ्यांच्या मागे बसला. फरशी वर आली. डावा खांदा, मग गाल.

किती साधी होती ती. इतके महिने जिला मी घाबरत होते ती फरशी गार होती, आणि तिला फिनाइलचा वास येत होता, आणि मी तिच्यावर होते आणि मेले नव्हते. हे सगळं एका क्षणात मनात आलं, आणि त्याच क्षणी दाराबाहेरून हेलीचा आनंदाचा चीत्कार आला, नवीन काही सापडल्यावर ती काढते तसा. मी उजवं कोपर पुढे टाकलं आणि स्वतःला ओढलं. डावं अंग मागून आलं, ओल्या गोधडीसारखं जड. पुन्हा कोपर. साडी असती तर अडकले असते, गाऊन होता. उंबरा. उंबऱ्यावर हनुवटी आपटली. डोळ्यांपुढे पहिली पायरी, आणि तिथे हेली नव्हती. ती खालच्या पायरीवर होती, पोटावर पालथी, पाय खाली सोडून पुढची पायरी चाचपत असलेली. पायाला ती मिळत नव्हती, आणि बोटं वरच्या कडेवरून सुटत होती. मी हात टाकला. फ्रॉकचा गळा मुठीत आला.

धरून ठेवणं वेगळं, वर घेणं वेगळं. वर घ्यायला दुसरा हात लागतो. मी माझ्या डाव्या हाताला मनातून हाक मारली, ओरडून मारली, तो उंबऱ्याच्या आत कुठेतरी माझ्याखाली दबलेला होता. मग मीच खाली गेले. डोकं नाही, कंबर पुढे करून, घसरत, पहिल्या पायरीवर, दुसऱ्या. हेलीला मांडीत ओढलं, भिंतीशी कोपऱ्यात घेतलं, आणि उजव्या हातानं डावा पाय गुडघ्यात उचलून तिच्या पुढे आडवा टाकला. फाटकाला अडसर घालावा तसा. त्याला करायचं काहीच नव्हतं. नुसतं जड पडून राहायचं होतं, ते त्याला येत होतं.

हेली रडली नाही. माझ्या हनुवटीतून रक्त येत होतं त्यात तिनं बोट लावलं, बोट बघितलं. मग पाठ माझ्या छातीला टेकवून सगळं वजन टाकून दिलं. मागे कुणाचा हात नव्हता. जिन्यावर आम्ही दोघीच होतो, आणि मला थरथर सुटली होती, दात वाजत होते, आणि त्या थरथरीत ती झोका मिळाल्यासारखी पेंगायला लागली.

बा आल्या तेव्हा कूलर अजून घरघरत होते. खालच्या वळणावर त्यांची पांढरी साडी दिसली, मग चेहरा. त्या थबकल्या. माझी हनुवटी हेलीच्या केसांत होती, रक्त त्यांना दिसलं नसावं. मग तो चेहरा असा उजळला की मला बघवेना. "अगं बाई! इथपर्यंत चालत आलीस? हिला घेऊन? माझी वाट बघत बसल्या होय दोघी मायलेकी!"

हो म्हणायचं होतं, बस. एक अक्षर. जाळी उघडी होती, त्याला कारणही आपोआप मिळालं होतं. उद्या बा भाजीला गेल्या असत्या, परवा देवळात, आणि हेली दुपारभर माझी असती. तिच्या केसांना ताकाचा आंबूस वास येत होता. मी तो एकदा छातीभर घेतला.

"नाही बा," मी म्हटलं. "मला चालता येत नाही. मी पडले, सरपटत आले. कडी घातलीच नव्हती मी, उठायची भीती वाटली. ही जिन्यावर आली होती. आणि तो आकडा झोपाळ्याचा आहे. बसल्या बसल्या पाय हलतो ना, तो. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

कठड्याला धरून बा वर आल्या. हेलीला माझ्या मांडीतून उचललं, तिचं डोकं, हात, गुडघे चाचपून पाहिले. माझी मांडी एकदम हलकी झाली. "कळलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "आणि मला जा म्हणालीस. जा म्हणालीस तू मला."

"हो."

"पोर गेली असती, तोरल."

"हो, बा. हिला आता माझ्याजवळ ठेवू नका. इतक्यात नको. मी सांगेन तेव्हासुद्धा नको, तुम्हाला दिसेल तेव्हाच." हे मीच म्हणत होते.

त्यांनी पदरानं माझी हनुवटी पुसली. जोरात पुसली, राग होता. "बस इथंच. हलू नकोस. जसुच्या नवऱ्याला उठवते, तो आणि वॉचमन मिळून उचलतील तुला."

"नको."

"नको काय? दोन पायऱ्या आहेत, उंबरा आहे."

"दोनच आहेत. बा, मला बस म्हणू नका. तुम्ही वर जाऊन हिला घेऊन उभ्या राहा. मी येते."

"पुन्हा पडशील."

"पडेन."

त्या मला ओलांडून वर गेल्या. मी कठड्याचा गज धरला. उजवा पाय पायरीवर रोवला, ओढून उभी राहिले. जिना गरकन फिरला, थांबला. उजवा पाय वर, मग डावा. डावा पंजा पायरीच्या कडेला अडकला. फोरमबेन सांगते तसं कंबरेतून उचलायचं, पंज्याकडे बघायचं नाही. पुन्हा अडकला. वरून हेली "ए" असं काहीतरी ओरडली, आणि बांचा एक हात पुढे आला. मला तो दिसला, माझ्या काखेच्या दिशेनं येणारा, सवयीचा, मायेचा हात. मी वर पाहिलं.

हात मध्येच थांबला. बांनी तो मागे घेतला, हेलीच्या पोटाभोवती घातला, आणि दुसऱ्या हातानं आपलंच मनगट घट्ट धरून ठेवलं. त्यांचे ओठ मिटलेले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी पाय उचलला.